इसाकभाईंची शब्दांची रांग

गेल्या आठवड्यात सकाळी उठले तर माझा फोन मला ओळखेना. रात्री झोपताना धड होता. सकाळी घड्याळ कुठल्या कुठे गेलेलं, फोन लावायचं बटण भलतीकडे, आणि जिथे बोट ठेवलं की लेकाचा चेहरा यायचा तिथे अलिबागचं हवामान. ठाण्याला लेकाशी बोलायला शेजारच्या मुलीला हाक मारावी लागली. तो हसून म्हणाला, "आई, अपडेट झालाय. चांगलं असतं ते." चांगलं कुणाला, ते काही त्यानं सांगितलं नाही. मी पोस्टात उभी हयात काढलेली बाई. काउंटरवरचा शिक्का कुणी इकडचा तिकडे केला तर मी अख्ख्या ऑफिसची खरडपट्टी काढायची. त्याचीही काढणार होते, पण एकदम इसाकभाई आठवले आणि तोंडातला शब्द तोंडातच राहिला. मग दिवसभर कशातच मन लागलं नाही.

दिघीच्या अलीकडे, खाडीच्या काठाला आमचं गाव. मोहल्ला जिथे संपतो तिथे आमची आळी सुरू होते, आणि त्या हद्दीवर इसाकभाईंचं घर. त्यांची खिडकी आणि माझं स्वयंपाकघर समोरासमोर. त्यामुळे त्यांच्याकडचं भांडण मला आणि माझ्याकडची फोडणी त्यांना, न मागता पोचायची. माणूस उंच, पाठीत वाकलेला. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली आणि शर्टाच्या खिशात पेनाऐवजी पेचकस. चहाला आले की हळूच म्हणायचे, "वैनी, साखर नीट टाका. मुमताजला सांगू नका." मुमताज म्हणजे त्यांची बायको. तिला सगळं माहीत असायचं. साखरेचं दुखणं त्यांच्या घराण्यातच होतं, आणि साखर सोडायची नाही हा हट्टही घराण्यातलाच.

शमीम त्यांची एकुलती एक लेक. जन्मली तेव्हा रडली नाही, तिथेच काहीतरी बिघडलं. हात, मान, जीभ, काहीच तिच्या हुकमात नाही. उजव्या पायाचा अंगठा तेवढा तिचं ऐकतो. डोळे मात्र असे, की समोरच्याने खोटं बोलताना विचार करावा. लोक तिच्यासमोर तिला खुळी म्हणायचे आणि ती ते ऐकत पडून राहायची. इसाकभाई तेव्हा कुवेतला एका कंपनीत कॉम्प्युटरवर पगारपत्रकं बनवत. पोरगी मोठी होऊ लागली तसे नोकरी सोडून आले, सोबत एक भलाथोरला कॉम्प्युटर. लोकांनी नावं ठेवली. कुवेतहून माणसं सोनं आणतात, ह्याने डबडं आणलं म्हणाले.

त्या डबड्यावर त्यांनी घरी बसून एक प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर शब्दांची चित्रं रांगेनं यायची आणि एकेक उजळत पुढे सरकायचं. हवं ते उजळलं की शमीमनं अंगठ्यानं बटण दाबायचं. बटण म्हणजे दारावरच्या घंटीचं, पाटावर स्क्रूनं बसवलेलं. दाबलं की कॉम्प्युटर तो शब्द मोठ्यानं बोलायचा. मग पडद्यावर दुसरी रांग यायची, त्या शब्दापुढे जे लागेल ते घेऊन. असं शब्दाला शब्द जोडत तिनं वाक्य करायचं.

कॉम्प्युटरला तेव्हा मराठी येत नव्हती. म्हणून इसाकभाई माईक घेऊन गावभर फिरले. त्यांचा एक नियम होता. जो शब्द जो रोज मनापासून बोलतो, त्याचाच आवाज त्या शब्दाला घ्यायचा. 'मासे' घेतलं जनाक्का कोळणीकडून. 'चला' घेतलं फेरीबोटीवरच्या तिकीटवाल्याकडून. 'गप बसा' मुमताजच्या आवाजात, त्याबद्दल गावात दुमत नव्हतं. माझ्याकडे आले तेव्हा मला वाटलं, मी जरा शिकलेली, मला 'नमस्कार' किंवा 'धन्यवाद' देतील. माईक पुढे करून म्हणाले, "वैनी, 'कंटाळा' म्हणा. तुमच्यासारखं कोण न्हाय म्हणत." मला राग आला होता. पण म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं गेलं.

शमीम पहिल्यांदा बोलली तेव्हा मी तिथे होते. आम्ही सगळे टक लावून बसलेलो, आता ती 'आई' म्हणेल की 'बाबा' म्हणेल. रांग सरकत गेली आणि तिनं बटण दाबलं ते 'खाज'वर. कुठे गं खाज, कुठे, करत मुमताजनं डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवला. कानामागे होती. किती वर्षं तिथे खाजत होतं आणि किती वर्षं ती नुसती बघत होती, ते तिलाच माहीत. मुमताज पदर तोंडात कोंबून मागल्या दारी गेली. इसाकभाई मात्र पेचकस काढून बटणाचा स्क्रू आवळत बसले.

त्यानंतर त्या पोरीनं घर डोक्यावर घेतलं. बाप नमाज पढून येऊन उपदेश करायला लागला की पडद्यावरून मुमताजचा आवाज यायचा, "बाबा, गप बसा." इसाकभाई खरंच गप बसायचे. मला म्हणायचे, "वैनी, हिचं बोलणं आपल्या बोलण्याइतकं स्वस्त न्हाय. एक शब्द काढायला तिला सगळी रांग पार करावी लागते."

हे असंच चालू राहिलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण कॉम्प्युटर म्हाताऱ्या माणसासारखे मरतात, आणि नवा आणावा तर त्याच्या आत सगळं नवीन असतं. आत एक सिस्टिम असते, तिच्या जिवावर बाकीचे प्रोग्रॅम चालतात. ती बदलली की जुना प्रोग्रॅम तिथे परका. हे मला त्यांनी असं समजावलं: "खाडीचं तोंड दर पावसाळ्यात सरकतं का न्हाय? वाळू इकडची तिकडं जाते. होडी तीच असते, पण तांडेलाला वाट नव्यानं शोधावी लागते. न्हाय शोधली तर होडी वाळूत रुतणार." मी म्हटलं, मग वाळू हलवणाऱ्याला कुणी विचारत नाही का? ते म्हणाले, "त्याला कुठं माहीत, आपण या वाटेनं येतो ते."

पहिला नवा कॉम्प्युटर त्यांच्या पुतण्यानं दुबईहून पाठवला तेव्हाची गोष्ट. प्रोग्रॅम त्यात घातला, चालू झाला, सगळे खूश. पण शमीम भलतंसलतं बोलायला लागली. मुमताज भरवायला बसली की 'मासे, उशी, उशी, कंटाळा'. पाणी पाजलं की 'चला, चला'. मग नुसती रडायची. इसाकभाईंना वाटलं, तो एक अंगठाही गेला. तिला जीपमध्ये घालून माणगावला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, अंगठ्याला टाचणी लावून बघितली आणि पाय उत्तम आहे म्हणून सांगितलं. परत येताना म्हसळ्याच्या घाटात इसाकभाईंच्या डोक्यात उजेड पडला. प्रोग्रॅममध्ये त्यांनी लिहून ठेवलं होतं की अमुक आकड्यापर्यंत मोजायचं आणि मग पुढचा शब्द उजळायचा. जुना कॉम्प्युटर रमतगमत मोजायचा. नवा एका दमात मोजून मोकळा होत होता. शब्द पोरीच्या समोरून धावत सुटले होते आणि तिचा अंगठा बिचारा मागे राहत होता. घरी येऊन त्यांनी ते दुरुस्त केलं. पण माझ्याजवळ म्हणाले, "मी मशीनवर शक घ्यायचा सोडून पोरीवर घेतला." ते त्यांना फार लागलं होतं.

पुढे दर काही वर्षांनी हा भोग असायचाच. एकदा आवाजच बंद झाला. एकदा चित्रं गेली आणि नुसते चौकोन राहिले. एकदा नव्या कॉम्प्युटरला घंटीच्या बटणाची वायर खोचायला भोकच नव्हतं. प्रत्येक वेळी शमीम मुकी व्हायची, आणि बाप खोलीत बसून तिची वाट नव्यानं शोधायचा. त्या दिवसांत मुमताज भांडी आपटायची नाही, रेडिओ लावायची नाही. कधी आठवडा जायचा, कधी महिना. मग एका दुपारी त्या खिडकीतून माझा 'कंटाळा' ऐकू आला की मी हातातलं टाकून तिकडे जायची.

शेवटी ते कंटाळले आणि त्यांनी नव्याचा नाद सोडला. जुनेच कॉम्प्युटर जमवायला लागले. माणगावला एक सायबर कॅफे बंद झाला, तिथून आणले. शाळेनं भंगारात काढलेले आणले. आत काही आपोआप बदलू नये म्हणून त्यांना इंटरनेटची वायर कधी लावू दिली नाही. आमच्याकडची हवा खारी, लोखंड खाऊन टाकते. म्हणून आतले सुटे भाग ते सुकटीच्या पत्र्याच्या डब्यांत, झाकणाला मेण लावून ठेवायचे. त्या घरात कॉम्प्युटर उघडला की सुक्या जवळ्याचा वास यायचा. मी नाक मुरडलं की म्हणायचे, "वास राहू दे, गंज नको."

मग ते वादळ आलं. आमच्या किनाऱ्यावरच्या सुपाऱ्या, नारळ, कौलं, सगळं घेऊन गेलं. इसाकभाईंचं निम्मं छप्पर उडालं. त्या रात्री नवरा-बायकोनं आधी शमीमला खाटेखाली घातलं, आणि मग चालू कॉम्प्युटरवर गोधड्या टाकून इसाकभाई स्वतः वर आडवे पडले. तो एक वाचला. पोटमाळ्यावरचा साठा सगळा भिजला. डबे फुटून आत पाणी गेलं होतं. दुसऱ्या दिवशी लोक कौलं गोळा करत होते आणि हा माणूस अंगणात कॉम्प्युटरच्या आतली एकेक हिरवी पट्टी फडक्यानं पुसून उन्हात मांडत होता. मी विचारलं, चालतील का? मान वर न करता म्हणाले, "न्हाय चालणार."

त्यानंतर मुंबईच्या कुठल्याशा संस्थेच्या दोन मुली गावात आल्या. गोड होत्या, मनापासून काम करणाऱ्या. त्यांनी शमीमला एक टॅब्लेट दिला. त्यातही तशीच रांग, तसंच बटण, आणि एक बाई फार गोड आवाजात बोलायची. "मला भूक लागली आहे." शमीमनं पहिल्यांदा ते ऐकलं आणि खुदकन हसली, कारण आमच्याकडे असं कुणीच बोलत नाही. पण ती शिकायला लागली. तिला वाचता येत नाही. कुठल्या शब्दाआधी कुठला येतो, किती वेळानं येतो, हे ती आतल्या आत धरून ठेवते. पावसाळाभर खपून तिनं नवी रांग धरली. इसाकभाईंनी खूप दिवसांनी माझ्याकडे येऊन चहा मागितला. म्हणाले, "आता मी सुटलो." आणि एका सकाळी तो टॅब्लेट आपलाआपण नवा झाला. चित्रं बदलली, रांगा बदलल्या. त्या मुलींनी फोनवर माफी मागितली, पूर्वीसारखं करता येत नाही म्हणाल्या, पण ही रांग जास्त चांगली आहे, तिला सवय होईल. शमीम दिवसभर रडली. त्यानंतर टॅब्लेट जवळ आणला की ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. इसाकभाईंनी तो परत पाठवला.

तेव्हा त्यांचे डोळे जायला लागले होते. साखरेनं आतून पोखरलं. पडद्याला नाक लावून बसायचे, तरी अक्षरं पळायची. एक दिवस मला विचारलं, "माझ्यामागं हिचं तोंड कोण?" मी नेहमीचं बोलले, देव आहे, होईल काहीतरी. ते म्हणाले, "देव हाय वैनी. पण त्याला प्रोग्रॅम लिहिता येतो का, ते मला ठाऊक न्हाय." आणि ते हसले नाहीत.

त्यांचा नातू लागणारा साजिद खारघरला कॉम्प्युटर इंजिनीयर होता. तो सुट्टीच्या दिवशी येऊ लागला. प्रोग्रॅम नव्यानं लिहायचा, म्हणजे आधी जुना समजून घ्यायचा. आणि इथे घात झाला. प्रोग्रॅम लिहिताना आत हजार गोष्टींना नावं द्यावी लागतात म्हणे. शहाणी माणसं सरळ नावं देतात, वाचणाऱ्याला कळतील अशी. इसाकभाईंनी प्रोग्रॅम लिहिला तो या खिडकीशी बसून, आणि खिडकीखालून जनाक्का पाटी घेऊन जायची. त्यांनी सगळ्यांना माशांची नावं दिली होती. मी खिडकीतून ऐकायची. साजिद वाचायचा, "दादा, बोंबील शून्य झाला की हलवा पापलेटला पाठवायचा, असं लिहिलंय. बोंबील म्हणजे काय?"

"बोंबील म्हणजे आवाज."

"मग सुरमई?"

"सुरमई आवाज. न्हाय. थांब. सुरमई आवाज, तर बोंबील बटण असंल. तू बोंबील बदलून बघ."

साजिद बदलायचा आणि कॉम्प्युटर गावभरचे सगळे आवाज एकदम बरळायला लागायचा. शमीम घाबरून किंचाळायची. मग पुन्हा होतं तसं करायचं. पोरगा शांत होता, कधी चिडला नाही. एकदा फक्त म्हणाला, "दादा, दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या, कशाला काय म्हटलंय ते." इसाकभाई म्हणाले, "मला वाटलं, वाचणारा मीच." पुढे साजिदला दोह्याची नोकरी लागली. तो गेला यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्याचंही घर आहे.

तो शेवटचा कॉम्प्युटर एका दुपारी गेला. जळका वास आला आणि पडदा काळा झाला. इसाकभाईंना तोवर काहीच दिसत नव्हतं. त्यांनी मुमताजला विचारलं, लाइट गेली का. ती म्हणाली, पंखा चालू हाय. मग ते नुसते डब्यावर हात ठेवून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्यांचा आवाज ऐकू आला. एका सुरात, थांबून थांबून काहीतरी म्हणत होते. मला वाटलं तसबीची माळ ओढतायत. भाकरी थापून झाल्यावर गेले, तर शमीमचा पाय त्यांनी मांडीवर घेतला होता. तिचा अंगठा स्वतःच्या मुठीत धरला होता, आणि रांग तोंडानं म्हणत होते. "पाणी. भूक. खाज. ऊन. उशी. आई. बाबा. मी." डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून अंगठा हलला की मुठीला कळायचं. मग त्या शब्दापुढची रांग सुरू. सगळ्या रांगा त्यांना पाठ होत्या. शमीमलाही होत्या. जगात त्या दोघांनाच.

मी म्हटलं, मी लिहून घेते. त्यांनी पहिली रांग सांगितली, ती मी लिहिली. तेवढ्यानंच त्यांना धाप लागली. पाय सुजले होते, मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. बाकीच्या उद्या सांगतो म्हणाले. मुमताजला वाचता येत नाही, तिला ते त्याच संध्याकाळी तोंडी शिकवायला बसले. ती बिचारी सारखी चुकत होती. म्हणाली, "मी पोरगी काय बोलते तेवढंच ऐकलं. मधलं काय असतं ते मी कधी बघितलंच न्हाय."

तो उद्या आला तेव्हा ते शुद्धीवर होते इतकंच. दुबईहून आलेल्या पुतण्यानं मुंबईचं हॉस्पिटल ठरवून अँब्युलन्स बोलावली होती. तिथून ते परत आले नाहीत, म्हणून त्या सकाळी मला झालं ते त्यांचं शेवटचं दर्शन. दिघीची फेरीबोट गाठायची होती. ड्रायव्हर आळीच्या तोंडाशी हॉर्न वाजवत होता. दोघं स्ट्रेचर घेऊन दारात उभे. आणि इसाकभाई शमीमच्या खाटेवर बसून, तिचा पाय मांडीवर घेऊन रांग म्हणत होते. पुतण्या म्हणाला, चाचा, उशीर होतोय. ते म्हणाले, "तिचं बोलणं अर्धं हाय."

अंगठा 'मी'वर हलला होता. त्यांनी पुढची रांग धरली. "जेवले. नको. थकले. येते. पण." तिथे अंगठा हलला. मग दोन्ही शब्द जोडून म्हणाले, "मी पण."

शमीम स्ट्रेचरकडे बघत होती. इसाकभाईंनी बराच वेळ तिचा पाय सोडला नाही. "न्हाय बेटा," म्हणाले. मग चाचपडत तो पाय मुमताजच्या मांडीवर ठेवला आणि तिची मूठ त्या अंगठ्यावर मिटली. "तू चालू ठेव. तिला अजून बोलायचं असंल."

मुमताजनं सुरू केलं. ते स्ट्रेचरवर आडवे झाले, माणसांनी उचललं. "पाणी. भूक. ऊन," मुमताज म्हणाली. दारातून आवाज आला, "भुकेनंतर खाज." तिनं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. अंगणात पोचल्यावर ते म्हणाले, "ऊन झालं की उशी." पुढे आळीतून काहीतरी म्हणाले, ते आम्हाला नीट ऐकू आलं नाही. गाडीचं दार लागलं.

मुमताज म्हणत राहिली. मी लिहिलेला कागद बघून मी तिला हळूच पुढचा शब्द सांगत होते. 'आई' झालं. 'बाबा' म्हटलं, आणि तिच्या मुठीत अंगठा हलला. मुमताजनं माझ्याकडे बघितलं. माझ्याजवळ पहिली रांग तेवढी होती. 'बाबा'पुढची रांग आम्हा दोघींनाही माहीत नव्हती, आणि शमीम पुढच्या शब्दाची वाट बघत होती.